या कप्प्यात काय ठेवायचं?

काटेरी तारा, आगगाडीचे रूळ, धुरांडं, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. खोक्यातल्या बहुतेक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हीच चित्रं आलटून पालटून होती. त्यांतलं इतिहास कोणतं, आठवणी कोणत्या, कादंबरी कोणती आणि धडधडीत खोटं कोणतं, हे वरून काही केल्या कळेना.

आमच्या वाचनालयाला एका कुटुंबानं वडिलांच्या पश्चात त्यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा सगळा संग्रह दिला. त्यातला होलोकॉस्टचा भाग, म्हणजे नाझी जर्मनीनं आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या ज्यूंचा जो संहार केला त्यावरची पुस्तकं, वेगळा काढायचा होता. प्रत्येक पुस्तकावर दोन-चार ओळींची टीप लिहायची, कोणतं इतिहासात लावायचं, कोणतं ललितात आणि कोणतं लावायचंच नाही ते सांगायचं, असं काम माझ्याकडे आलं. मी इतिहास शिकलेली नाही. पतपेढ्यांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवीतेवी कागदच तपासता. हेही तपासून द्या. चुकीचं पुस्तक पोरांच्या हातात जायला नको."

माझी शिदोरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद, मराठीतून वाचलेली अ‍ॅन फ्रँकची डायरी, 'शिंडलर्स लिस्ट' हा सिनेमा, आणि घरी असलेली वि. स. वाळिंबे यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' आणि वि. ग. कानिटकर यांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' ही दोन पुस्तकं. या दोघांनी मराठी वाचकाला ते युद्ध समजावून सांगितलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांचा विषय युद्ध आणि नाझी राजवट हा आहे. इथं माझ्यापुढं नुसत्या संहारावरच्या पुस्तकांची चळत होती आणि सुरुवात कुठून करायची तेच सुचत नव्हतं.

सवयीनं मी आधी एकूण आकडा शोधला. जेराल्ड राइटलिंगर यांच्या १९५३ च्या पुस्तकात ४२ ते ४६ लाख. राउल हिलबर्ग यांच्या १९६१ च्या ग्रंथात ५१ लाख. ल्यूसी डेव्हिडोविच यांच्या १९७५ च्या पुस्तकात ५९ लाखांच्या वर. आणि बहुतेक मलपृष्ठांवर सरळ ६० लाख. हिशेबाच्या वह्यांत एवढा फरक दिसला तर मी त्या परत पाठवते. इथं कुणाकडे पाठवणार? तिघंही गंभीर अभ्यासक, आयुष्य या कामात घातलेले. त्यांच्यातच एवढं अंतर असेल तर धरायचं कुणाचं?

उत्तर त्या पुस्तकांच्या मागच्या पानांत होतं. मोजायचे मार्ग दोन. एक वजाबाकीचा: युद्धाआधी त्या देशात ज्यू किती होते, त्यातून जिवंत राहिलेले आणि देश सोडून गेलेले वजा करायचे. दुसरा बेरजेचा: कोणत्या गावाहून किती माणसं गाडीत भरली, कोणत्या खड्ड्याशी किती मारली, घेट्टो म्हणजे कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत भुकेनं आणि टायफसनं किती गेली, हे कागदोपत्री एकेक जमवत न्यायचं. वजाबाकीत अडचण अशी की त्या वर्षांत पूर्व युरोपातल्या सीमा पुन्हा पुन्हा सरकल्या. बेसारेबिया आधी रोमेनियात, मग सोव्हिएत संघात, मग परत रोमेनियात. तिथली माणसं दोन्हीकडे मोजली जाऊ शकतात, नाहीतर दोन्हीकडून सुटू शकतात. बेरजेत अडचण अशी की ज्याचा कागद जळाला तो माणूस हिशेबात येत नाही. राइटलिंगर यांनी पुराव्यात बसेल तो खालचा आकडा धरला. सोव्हिएत प्रदेशाची दप्तरं तेव्हा फारशी उघडी नव्हती. हिलबर्ग यांनीही हात राखूनच मोजलं. पुढं १९९१ मध्ये वोल्फगांग बेन्झ यांच्या संपादनाखाली देशवार अभ्यास झाला; तो ५३ लाखांच्या आसपास सुरू होऊन ६० लाखांच्या थोडा वर जातो. आणि ६० लाख हा आकडा नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात आला तो मारणाऱ्यांच्याच गोटातून. विल्हेल्म ह्योटल या एसएस, म्हणजे नाझींच्या निमलष्करी संघटनेतल्या, अधिकाऱ्यानं १९४५ मध्ये शपथेवर सांगितलं, की ज्यूंना छावण्यांकडे धाडण्याचं काम पाहणाऱ्या आइखमननं आपल्याजवळ हा हिशेब बोलून दाखवला होता.

फरक आहे, पण तो का आहे हे तिन्ही पुस्तकं उघडपणे सांगतात. मला तेवढं पुरेसं होतं. तिन्ही इतिहासात लावली आणि प्रत्येकाच्या टिपेत पहिली नोंद प्रकाशनवर्षाची केली.

हिलबर्ग यांचा ग्रंथ मात्र हातावेगळा होईना. हे गृहस्थ १९२६ मध्ये व्हिएन्नात जन्मले, १९३९ मध्ये कुटुंबासह त्यांना देश सोडावा लागला. पुढं अमेरिकेत जप्त केलेली जर्मन दप्तरं वाचण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. कोणतं खातं, कोणता कारकून, कोणत्या हुकुमानं, अशी सगळी यंत्रणा त्यांनी कागदावरून उभी केली आहे. त्यात रेल्वेचं प्रकरण आहे. मृत्युछावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या माणसांचं भाडं जर्मन रेल्वे रीतसर वसूल करत होती. दर तिसऱ्या वर्गाचा, किलोमीटरला ४ फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालची फुकट. ४०० किंवा जास्त माणसं असतील तर गटाची सवलत, भाडं निम्मं. नेल्या जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचं परतीचं. दर, सवलत, मंजुरी, सही: असल्या बिलांवर मी रोज खूण करते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढचा अडथळा ऑशविट्झ या मृत्युछावणीचा. खोक्यातल्या जुन्या पुस्तकांत तिथले मृत ४० लाख लिहिलेले, नव्यांत ११ लाख. हा फरक साधा नाही, जवळजवळ चौपट आहे. ४० लाख हा आकडा १९४५ च्या सोव्हिएत आयोगाचा. भट्ट्यांची क्षमता गुणिले त्या चालू असलेले महिने, असा तो ढोबळ गुणाकार होता, आणि १९९० पर्यंत तो स्मारकावरच्या फलकांवर कोरलेला होता. मग तिथल्याच संग्रहालयातले इतिहासकार फ्रांचिशेक पिपर यांनी देशोदेशींहून निघालेल्या गाड्यांच्या नोंदी जुळवल्या: सुमारे १३ लाख माणसं तिथं आणली गेली, ११ लाख मेली, त्यांत १० लाखांच्या आसपास ज्यू. जुने फलक काढले गेले.

या दुरुस्तीवरच होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांचा सगळा धंदा चालतो. "बघा, एका ठिकाणचे २९ लाख कमी झाले, मग ६० लाखांचं काय उरलं?" मीही क्षणभर थबकले. पण ६० लाखांच्या बेरजेत ते ४० लाख कधी धरलेलेच नव्हते. हिलबर्ग यांनी १९६१ मध्येच ऑशविट्झला मारलेल्या ज्यूंचा आकडा १० लाख लिहिला होता. खाली दुरुस्ती झाली ती फलकावर, एकूण बेरजेला धक्का लागला नाही. हे सांगणारं पुस्तक आणि हे लपवणारं पुस्तक यांतला फरक मला तेव्हापासून नीट दिसायला लागला.

लपवणारं खोक्यातच होतं. पातळशी पुस्तिका, ६० लाख खरंच मेले का असं विचारणारी, १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेली. लेखक म्हणून रिचर्ड हारवुड हे नाव, लंडन विद्यापीठाशी संबंध असल्याचा दावा. नाव खोटं होतं. लिहिणारा रिचर्ड व्हेराल हा तिथल्या नॅशनल फ्रंट या कडव्या पक्षाचा माणूस. मृतांचा एक छोटा आकडा या पुस्तिकेनं रेडक्रॉसच्या नावावर खपवला. असा हिशेब आपण कधी केलेलाच नाही, असं रेडक्रॉसनं स्पष्ट केलं. लेखकाचं नाव खोटं, आधाराला घेतलेली संस्था म्हणते हे आमचं नाही. माझ्या व्यवसायात असा कागद पुढं जात नाही. हिच्यासाठी मला फार वेळ लागला नाही. ही लावायची नाही, असं लिहून बाजूला ठेवली.

ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्व्हिंग यांच्या पुस्तकांनी मात्र मला पुरतं गोंधळात टाकलं. जाडजूड ग्रंथ, नावाजलेले प्रकाशक, पानोपानी तळटिपा, जर्मन दप्तरांचे क्रमांक. तळटीप म्हणजे इतिहासातलं व्हाउचर, अशी माझी समजूत झाली होती. इथं तर व्हाउचरच व्हाउचर. मग यांना नाकारणाऱ्यांच्या यादीत का धरतात?

कारण ती व्हाउचरं कुणीतरी खरोखर उघडून पाहिली. डेबोरा लिपस्टाट या अमेरिकी प्राध्यापिकेनं होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांवर १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात आयर्व्हिंग यांचं नाव घेतलं. आयर्व्हिंग यांनी लिपस्टाट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन यांच्यावर लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. इंग्लंडच्या कायद्यानं आपलं लिहिणं खरं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी लिपस्टाट यांच्यावर आली. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आणि त्यांचे सहायक आयर्व्हिंग यांच्या तळटिपा घेऊन मूळ कागदांपर्यंत गेले. एक नमुना सांगते. एसएसचा प्रमुख हिमलर याच्या ३० नोव्हेंबर १९४१ च्या टेलिफोन नोंदीत बर्लिनहून निघालेल्या ज्यूंच्या एका गाडीबद्दल, ठार करू नये, अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. आयर्व्हिंग यांनी त्यावरून लिहिलं, की ज्यूंना मारू नका असा सरसकट हुकूम हिटलरकडून सुटला. नोंद एका गाडीची, एका दिवसाची. त्या गाडीतली सुमारे हजार माणसं त्याच सकाळी लाटव्हियात रीगाजवळ रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घालून मारली गेली होती. फोन झाला तेव्हा ती उरलीच नव्हती. कागद खरा, क्रमांक खरा, अर्थ मात्र त्यात नसलेला.

दुसरा नमुना जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बहल्ल्याचा. आयर्व्हिंग यांनी आधार घेतलेल्या कागदात मृत २,०२,०४० होते. मूळ पोलीस अहवालात २०,२०४. कुणीतरी शेवटी एक शून्य लावून बनावट प्रत तयार केली होती. हा आकडा खोटा ठरवणारा अस्सल पोलीस अहवाल १९६६ मध्येच पुढं आला, तरी मोठे आकडे त्यांच्या लिखाणातून गेले नाहीत. शेवटचं शून्य कसं लागतं हे मी वीस-एक रुपयांच्या पावत्यांत पाहिलेलं आहे. मेलेल्या माणसांच्या आकड्यात पाहीन असं वाटलं नव्हतं. न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी ११ एप्रिल २००० ला निकाल दिला, की आयर्व्हिंग यांनी पुराव्याची जाणूनबुजून आणि सातत्यानं मोडतोड केली. तळटिपा असणं पुरेसं नाही. त्या जिथं नेतात तिथं जाऊन पाहिलेल्या दुसऱ्या अभ्यासकाचं म्हणणं वाचल्याशिवाय माझ्यासारखीनं जाडजूड ग्रंथापुढं मान तुकवू नये.

मग मला वाटलं, एक तरी कागद आपण स्वतः तपासावा. जर्मन येत नाही, पण आकडे येतात. एका पुस्तकात ह्योफ्ले तार छापलेली सापडली. लुब्लिनहून हेर्मान ह्योफ्ले या एसएस अधिकाऱ्यानं ११ जानेवारी १९४३ ला क्राकूवच्या कार्यालयाला पाठवलेली. ब्रिटिशांनी ती हवेतून पकडली, उलगडली, आणि ती काय आहे हे न कळल्यामुळं तशीच फाइलला लावली. लंडनच्या सरकारी अभिलेखागारात ती तशीच पडून होती. पीटर विटे आणि स्टीफन टायस या दोघांनी २००१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं.

तारेत चार अक्षरं आहेत: एल, बी, एस आणि टी. ही पोलंडमधल्या चार छावण्यांची आद्याक्षरं: लुब्लिन (म्हणजे मायदानेक), बेल्झेक, सोबीबोर आणि ट्रेब्लिंका. आधी तिथं आणलेल्या माणसांची वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्याची आवक: १२,७६१, शून्य, ५१५, १०,३३५. एकूण २३,६११. मी बेरीज केली, जुळली. मग ३१ डिसेंबर १९४२ अखेरची आवक: लुब्लिन २४,७३३, बेल्झेक ४,३४,५०८, सोबीबोर १,०१,३७०, ट्रेब्लिंका ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. मी बेरीज केली. आली ६,३१,९६६. पुन्हा केली, तीच. फरक ६,४२,२०० चा.

फरक आला की तो कोणत्या ओळीत दडलाय ते शोधायचं. पहिल्या तीन ओळी एकुणातून वजा केल्या. उरले ७,१३,५५५. तारेत ७१,३५५ आहे. पाचाचा एक आकडा संदेश पाठवताना किंवा उतरवून घेताना गळाला, एवढंच. अभ्यासकांनीही हेच लिहिलं आहे. पण कागदावर पेन्सिल घेऊन मी ते स्वतः काढलं तेव्हा माझा हात थरथरत होता, कारण त्या एका गळालेल्या आकड्याआड ६,४२,२०० माणसं होती. याच्यावर आणखी एक ताळा आहे. हिमलरच्या हुकमावरून रिखार्ड कोरहेर या संख्याशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये वेगळा अहवाल केला. पोलंडच्या ज्या भागात या छावण्या होत्या तिथल्या छावण्यांतून 'पार केलेल्या' ज्यूंचा त्यातला आकडा १२,७४,१६६ च आहे. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या ठिकाणी सापडलेले, एकच बेरीज. कुणी मला म्हणालं की हे सगळं नंतर रचलेलं आहे, तर मी त्याच्यापुढं पेन्सिल ठेवीन.

या तारेमुळं माझ्या टिपांत आवृत्तीला महत्त्व आलं. २००१ च्या आधीच्या पुस्तकांत बेल्झेकचे मृत ६ लाख असे दिसतात, तो पोलंडच्या आयोगाचा युद्धानंतरचा अंदाज. लेखकांनी लबाडी केली नाही, कागद त्यांच्यापुढं नव्हता. हिलबर्ग यांचा ग्रंथ म्हणूनच १९६१ चा मिळाला तरी २००३ ची तिसरी आवृत्ती मागवा, असं मी ग्रंथपालबाईंना सांगितलं.

पण बेल्झेकनंच मला आकड्यांच्या पलीकडं नेलं. ४,३४,५०८ माणसं जिथं आणली गेली, तिथून सुटून युद्धानंतर साक्ष देणारे म्हणून दोनच नावं पुस्तकांत पुन्हा पुन्हा येतात. खाइम हिर्शमान हे १९४६ मध्ये लुब्लिनला साक्ष द्यायला लागले आणि ती पुरी होण्याआधीच मारले गेले. दुसरे रुडॉल्फ रेडर, ल्वूव शहरातले साबण बनवणारे. छावणीत खड्डे खणायच्या यंत्राची कामं येत होती म्हणून त्यांना जिवंत ठेवलं होतं. नोव्हेंबर १९४२ च्या अखेरीला पत्रे आणायला त्यांना पहाऱ्यात ल्वूवला नेलं, पहारेकरी झोपला, आणि ते निसटले. त्यांचं छोटं पुस्तक १९४६ मध्ये क्राकूवला निघालं. त्यात त्यांनी अंदाजानं दिलेला मृतांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा खूप मोठा आहे.

इथं मी अडले. आकडा चुकीचा, मग पुस्तकावर काय लिहायचं? यावर मी बरेच दिवस काही लिहिलं नाही. शेवटी असं ठरवलं: खड्ड्याशी राबणाऱ्या माणसाला एकूण बेरीज विचारायची नाही. ती ठेवणारा ह्योफ्ले कार्यालयात बसला होता. रेडर यांना विचारायचं ते त्यांनी जवळून पाहिलेलं: बायकांचे केस कापायची जागा कुठं होती, इंजिनाचा आवाज किती वेळ चालायचा, खड्डे भरल्यावर जमीन कशी दिसायची. तारेत यातलं काही नाही. तार आणि रेडर, दोन्ही असतील तरच बेल्झेकबद्दल आपल्याला काही कळलं असं म्हणता येईल. टिपेत मी लिहिलं: प्रथमदर्शी साक्ष, अत्यंत मोलाची, एकूण आकड्यासाठी इतिहासग्रंथ पाहावा.

आठवणींच्या पुस्तकांत खोटी निघालेलीही आहेत. बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावानं १९९५ मध्ये आलेल्या बालपणीच्या आठवणींना पुरस्कार मिळाले. १९९८ मध्ये एका स्विस पत्रकारानं, मग इतिहासकार श्टेफान मेख्लर यांनी दाखवलं, की लेखक स्वित्झर्लंडमध्येच जन्मला आणि वाढला, छावणीत कधी नव्हताच. त्याचं पुस्तक खोक्यात होतं, मलपृष्ठावर स्तुती तशीच. उलट अ‍ॅन फ्रँकच्या डायरीवर नाकारणाऱ्यांनी वर्षानुवर्षं संशय घेतला, तेव्हा हॉलंडच्या युद्धकागदपत्र संस्थेनं कागद, शाई, हस्ताक्षर सरकारी प्रयोगशाळेत तपासून १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. तिची मूळ डायरी, तिनंच १९४४ मध्ये पुन्हा लिहायला घेतलेला मजकूर आणि वडिलांनी १९४७ मध्ये छापलेला, तिन्ही समोरासमोर. ज्या पुस्तकाची इतकी तपासणी झाली आणि ते टिकलं, ते आपल्या मुलांना बिनधास्त द्यावं. कादंबऱ्या ललितात गेल्या, मग त्यांवर 'सत्य घटनेवर आधारित' असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' इतिहास शिकण्या-शिकवण्यासाठी टाळावं, असं ऑशविट्झ स्मारकानं २०२० मध्ये स्वतःच सांगितलं आहे.

संदर्भग्रंथ तपासायला मी सूचीचं टोक धरलं. ऑशविट्झ आणि ट्रेब्लिंका सगळीकडेच असतात. मी कामेनेट्स-पोडोल्स्की शोधलं. युक्रेनमधल्या या गावाशी ऑगस्ट १९४१ च्या अखेरीला तीन दिवसांत २३,६०० ज्यू गोळ्या घालून मारल्याचा अहवाल एसएस अधिकारी फ्रीडरिख येकेल्ननं वर पाठवला होता. त्यांत हंगेरीनं हाकलून दिलेले पुष्कळ होते. तेव्हा एकही मृत्युछावणी सुरू झालेली नव्हती. मग ट्रान्सनिस्ट्रिया, म्हणजे युद्धात रोमेनियाच्या ताब्यात गेलेला प्रदेश, शोधलं. रोमेनियाच्या ताब्यातल्या प्रदेशांत मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा लेखक एली वीझेल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं २००४ मध्ये २,८०,००० ते ३,८०,००० असा दिला. ज्या सचित्र कोशांत ही दोन्ही नावं नव्हती, त्यांत चित्रं कितीही असोत, संदर्भ म्हणून मी ते घेतले नाहीत. इस्राएल गुटमन यांनी संपादित केलेला १९९० चा चार खंडांचा कोश या कसोटीला उतरला. गुटमन स्वतः वॉर्सा घेट्टोच्या उठावात लढलेले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयानं २००९ पासून छावण्या आणि घेट्टोंचा जो कोश काढायला घेतला, त्यात जागांची संख्याच हजारोंनी मोजावी लागते. तो आमच्या वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचा, पण असा कोश आहे एवढी नोंद आम्ही केली.

ख्रिस्तोफर ब्राउनिंग आणि डॅनियल गोल्डहागेन यांची पुस्तकं मी शेजारी शेजारी लावली आहेत. दोघांनी एकाच पोलीस तुकडीच्या, राखीव बटालियन १०१ च्या, चौकशीचे कागद वाचले. जुलै १९४२ मध्ये युझेफूव गावात या हॅम्बुर्गच्या मध्यमवयीन माणसांनी सुमारे १,५०० ज्यू मारले. ब्राउनिंग १९९२ मध्ये म्हणाले, गटाचा दबाव, हुकूम, सवय यांनी साधी माणसं खुनी झाली. गोल्डहागेन १९९६ मध्ये म्हणाले, जर्मन समाजात मुरलेला ज्यूद्वेष हेच कारण. मला ब्राउनिंग पटतात. दुसऱ्यानं दुसरं ठरवावं. मारले गेलेल्यांबद्दल दोघांत वाद नाही, आणि अशा वादाला नाकारणाऱ्यांच्या पंगतीत बसवू नये.

राहिलं हिटलरचं 'माझा लढा'. फुटपाथवरच्या पुस्तकांत ते सहज मिळतं, आमच्याकडेही तरुण पोरं मागतात, आणि प्रतीवर कर्तृत्ववान माणसाचं चरित्र असावं तसा मजकूर असतो. आत एकही टीप नाही. म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेनं जानेवारी २०१६ मध्ये याची दोन खंडांची आवृत्ती काढली, तिच्यात सुमारे ३,५०० टिपा आहेत. वाक्यागणिक खोटं कुठं, उसनं कुठं, त्याचा पुढं परिणाम काय झाला, ते दाखवलेलं. टिपांशिवायची प्रत ही माझ्या मते विषाची बाटली, आणि ती लेबल न लावता मांडणीवर ठेवायची नाही असं मी ग्रंथपालबाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ती आतल्या कपाटात ठेवली. अभ्यासासाठी मागितली तरच काढायची.

आता वाचकांना विनंती. तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन या विषयाचा कप्पा पाहा. तिथं हिटलरची चरित्रं आणि 'माझा लढा' एवढंच असेल, तर मागणीवहीत साउल फ्रीडलेंडर यांचं नाव लिहा. त्यांचे आईवडील ऑशविट्झला मारले गेले. ते स्वतः फ्रान्समध्ये एका कॅथलिक शाळेत लपून वाचले. 'नाझी जर्मनी अँड द ज्यूज' या त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड २००७ मध्ये आला, त्याला पुलित्झर मिळालं. मारणाऱ्यांचे हुकूम, शेजाऱ्यांचं गप्प बसणं आणि मरणाऱ्यांच्या डायऱ्या हे तिन्ही त्यात एकाच पानावर येतं. दोन्ही खंड झेपत नसतील तर २००९ ची एका खंडातली संक्षिप्त आवृत्ती आहे. ती मागवायला सांगा, आणि आली की पहिली तुम्हीच न्या.